खंडेनवमीची विश्रांती

खंडेनवमीला हत्याराला विश्रांती द्यायची, हे बायनाबाईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सोनपेठजवळच्या तिच्या माहेरी त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, पाभर, इतकंच काय, काकूचं शिवणयंत्रसुद्धा धुऊनपुसून, कुंकू लावून ओळीनं मांडत आणि दिवसभर त्याला कुणी हात लावत नसे. वर्षभर राबलंय बिचारं, एक दिवस बसू द्या. एकोणीस वर्षांपूर्वी ती परभणीतल्या या संस्थेच्या लहानशा प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली, तेव्हा पहिल्याच नवमीला तिनं सगळी यंत्रं पुसली, सगळ्यांची बटणं बंद केली आणि एकेकाला झेंडूचं फूल वाहिलं. तेव्हाचे साहेब हसले, पण नारळ त्यांनीच फोडला. मग तो रिवाजच पडला.

विश्रांती नव्हती ती एकट्या डीप फ्रीजरला. तो कोपऱ्यात, पेटीसारखा आडवा, रात्रंदिवस घुमत पडलेला. चार वर्षांपूर्वी वालूरची मनिषा संशोधनाला आली आणि गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो तसा तिनं आपला जीव त्या पेटीत ठेवला. जीव म्हणजे चिमूटचिमूट पांढरी भुकटी. पेप्टाइड. प्रथिनाचा बारकासा तुकडा, असं मनिषानं समजावलं होतं. म्हशीच्या कासेला सूज येते, सड दगडासारखा होतो, दुधात गुठळ्या पडतात. त्या दगडी रोगाच्या जिवाणूंना ही भुकटी मारते का, ते तिला बघायचं होतं. मागवल्यापासून भुकटी हातात पडायला आठ महिने लागत, आणि आली की तिचे नखरे नव्या सुनेला लाजवतील असे. उणे वीस अंशांत ठेवा. उजेड नको. दमट हवा नको. गार बाटलीचं झाकण उघडायचं नाही. आधी ती खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. पाण्यात कालवलीच तर एकेका वेळेपुरती लहान नळ्यांत भरायची, आणि एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही.

बायनाबाईला यातलं काहीच अवघड गेलं नाही. "म्हंजी कुरडईचंच की," ती म्हणाली होती. "वाळलेली वरीसभर टिकती. भिजवली की त्याच दिवशी खायाची." मनिषानं ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं, आणि एवढी शिकलेली पोरगी आपलं बोलणं लिहून घेते याचा बायनाबाईला अजून मनातून अभिमान होता. फ्रीजरच्या बटणावर लाल टेप चिकटवली तीही तिनंच. नवमीला सगळी बटणं खाली, लाल टेपवालं तेवढं वर. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

यंदा मनिषा दसऱ्याला इथं नव्हती. आईला घेऊन दीक्षाभूमीवर, नागपूरला गेली होती. निघताना एवढंच म्हणाली होती, की मावशी, पूजेचं तुमचं तुम्ही बघा, माझ्या पेटीकडे तेवढं लक्ष ठेवा. बायनाबाई म्हणाली होती, जा निवांत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊला तिनं कमरेची किल्ली काढून दार उघडलं आणि पाय पाण्यात पडला.

आधी तिला वाटलं, नळ राहिला. नळ कोरडा होता. पाणी कोपऱ्यातून आलं होतं, झेंडूच्या दोन पाकळ्या वाहवत दारापर्यंत. आणि खोलीत काहीतरी कमी होतं. काय कमी आहे ते कळायला तिला चारपाच श्वास लागले. फ्रीजर घुमत नव्हता.

लाल टेपवालं बटण वरच होतं. तिनं बोटानं चाचपलं, वरच. मग खाली बघितलं. त्या बटणाखाली प्लगच नव्हता. वायर टेबलामागून वळून खिडकीखालच्या दुसऱ्या बोर्डात गेली होती, आणि त्या बोर्डावरची तिन्ही बटणं खाली होती. तिनंच खाली केलेली, बुधवारी दुपारी, नैवेद्य दाखवून झाल्यावर. बाहेर ताशे वाजत होते, घुमणं थांबलेलं कानावर आलंच नव्हतं. मंगळवारी ती लवकर घरी गेली होती, तेव्हा वायरमन भागवत काहीतरी ठोकत बसला होता, तेवढं तिला आठवलं. रिकाम्या जागेवरची लाल टेप ती नुसती बघत राहिली.

मग हातानं डोक्याला न विचारता बटण दाबलं. पेटी एकदा थरथरली आणि घुमायला लागली. वरचे आकडे उजळले. अधिक सत्तावीस.

बुधवार दुपारचे बारा ते शुक्रवार सकाळचे नऊ. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पंचेचाळीस तास.

तिनं फरशी पुसली. दोनदा पुसली. पाकळ्या उचलून कचऱ्यात टाकल्या. पोचा पिळताना तिच्या लक्षात आलं, की आपण नुसतं पाणी पुसत नाही आहोत. पेटी गार होत होती. दुपारपर्यंत पुन्हा उणे वीस होईल, नळ्या पुन्हा गोठतील, आणि गोठलेली नळी बघून ती मधे वितळली होती का हे कुणाच्या बापाला कळणार नाही. ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. त्यातला एक फ्रीजर.

बायनाबाई कंत्राटावर होती. दर दिवाळीला कागद नवा व्हायचा आणि त्यावर विभागाच्या महारुद्र सरांची सही लागायची. सर वाईट माणूस नव्हता, पण गेल्या वर्षी एका मदतनिसाकडून पाणी तापवायचं यंत्र रात्रभर चालू राहून जळालं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. त्याच्या चपला महिनाभर दाराशी होत्या. त्या बायनाबाईनंच शेवटी उचलल्या होत्या.

साडेदहाला मनिषाचा फोन आला. गाडीनं पूर्णा सोडलंय, तासाभरात पोचते. राणीसावरगावच्या आजारी म्हशींच्या दुधाचे नमुने सर जीपनं आणतायत, ताजे आहेत, आजच लावावे लागतील. नळ्या तयार आहेत त्यातल्याच वापरू, शेवटच्या चार उरल्यात. पेटीचं सगळं ठीक ना मावशी?

"ठीक हाय," बायनाबाई म्हणाली.

राणीसावरगावच्या म्हशींचं तिला माहीत होतं. आज ताटलीत जिवाणू पसरून त्यावर पेप्टाइडचे थेंब ठेवायचे. जिथं ते मरतात तिथं दुधाळ थरात स्वच्छ गोल पडतो. जुन्या नमुन्यांवर अठरा मिलिमीटरचा गोल पडला होता. बायनाबाईनं स्वतः पट्टी धरली होती. गावातल्या नमुन्यांवर तसाच पडला तर पुढं खऱ्या म्हशींवर. नाही पडला तर सरांनी सांगूनच ठेवलं होतं, की चार वर्षं झाली, आता हे बंद करू आणि दुसरा विषय घेऊ. आणि त्या नळ्या पंचेचाळीस तास सत्तावीस अंशांत, ऑक्टोबरच्या उकाड्यात. भिजवलेली कुरडई.

ती घड्याळाकडं बघायची, मग आकड्यांकडं. अधिक नऊ. शून्य. उणे चार. आकडे उतरत होते तसा तिला आधी धीर येत होता आणि मग त्या धिराचीच भीती वाटत होती.

मनिषा आली ती पाठीवर पिशवी, डोळे जागरणानं लाल, आणि हातात बायनाबाईसाठी नागपूरच्या संत्रा बर्फीचा पुडा. तिच्या मागोमाग महारुद्र सर, थंड डब्यात दुधाचे नमुने घेऊन. सरांनी खिशातून आपट्याची पानं काढून दोघींना दिली, सोनं घ्या म्हणाले, एक दिवस शिळं आहे पण चालेल. सगळे हसले. बायनाबाईही हसली.

मनिषानं हात धुतले, हातमोजे चढवले आणि पेटीकडं गेली. आकड्यांवर तिची नजर थांबली.

"उणे अकरा? मावशी, हे असं कसं?"

उत्तर सकाळपासून तयार होतं. परभणीत ते उत्तर कायमच तयार असतं. "सकाळी लाईट गेली होती घंटाभर," बायनाबाई म्हणाली.

कुणी शंकासुद्धा घेतली नाही. सर म्हणाले, सणाचं तरी ठेवावं या लोकांनी. मनिषा म्हणाली की तासाभरानं काही होत नाही, झाकण बंद होतं ना, बस. आणि तिनं पेटी उघडून नळ्यांची चौकट काढली. इतकं सोपं होतं ते. एकोणीस वर्षांत बायनाबाई या खोलीत कधी खोटं बोलली नव्हती, म्हणूनच ते असं खऱ्या नोटेसारखं चाललं.

मनिषानं एक नळी काढली आणि नेहमीसारखी मुठीत धरली, ऊब देऊन वितळवायला. पोरगी उभ्याउभ्या डुलत होती झोपेनं. मूठ मात्र घट्ट, कोंबडीचं पिल्लू धरावं तशी.

बायनाबाई त्या मुठीकडं बघत होती. तिला वाटलं, आता आपण बोललो नाही तर उद्या ताटलीत गोल पडणार नाही, आणि ही पोरगी म्हणेल की माझंच चुकलं. ती जन्मभर तेच म्हणत राहील. चुकलं कुठं ते शोधत राहील आणि तिला सापडणार नाही, कारण ते आपण पोच्यानं पुसून टाकलंय.

"मनिषा, ठिव ते खाली," ती म्हणाली. सरांसमोर ती कायम मॅडम म्हणायची, आज विसरली. "लाईट न्हाई गेली. मीच बंद केला. नवमीला बारा वाजता. आज नऊला चालू केला."

सरांनी नमुन्यांचा डबा टेबलावर ठेवला. मनिषानं मूठ उघडली नाही. ती बायनाबाईकडं अशी बघत होती, जसं घरातलं माणूस अचानक अनोळखी भाषेत बोलायला लागलंय. मग तिनं नळी चौकटीत परत ठेवली, हळूच.

"पंचेचाळीस तास," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि मघाशी लाईट गेली म्हणालात."

"व्हय," बायनाबाई म्हणाली. टेपचं, वायरचं, भागवतचं सांगता आलं असतं, पण ते आत्ता सांगितलं की त्याची सबब होते, एवढं तिला कळत होतं.

सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी नुसतं टेबलावर बोट टेकवलं. "किल्ली इथं ठेवा, बायनाबाई."

तिनं कमरेची किल्ली सोडवून ठेवली. गाठ सुटायला वेळ लागला.

मग सर पेटीत वाकले आणि सुक्या भुकटीच्या बाटल्यांचा डबा त्यांनी वर काढला. अकरा बाटल्या, प्रत्येक आपापल्या चकचकीत पाकिटात. नळ्या गेल्या तर गेल्या, ते म्हणत होते, भुकटीचं काय झालंय ते आत्ताच्या आत्ता बघू, ओली होऊन चिकटली असेल तर चार वर्षांचा निकाल इथंच लागला. त्यांनी एक पाकीट फाडलं. बाटली बाहेर काढली. तिच्या काचेवर बघता बघता धुकं चढलं. त्यांचा अंगठा झाकणावर गेला.

बायनाबाईनं पुढं होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. असं तिनं कुणाच्याच बाबतीत कधी केलं नव्हतं.

"आत्ता नका उघडू, सर. गार हाय ती."

सरांचा अंगठा झाकणावरच होता. "आता तुम्ही मला शिकवणार?"

तिनं हात काढला नाही. पेटी मघापासून चालू हाय, ती म्हणाली, म्हणून हे सगळं परत गार झालंय. चालू केली तीबी माझीच चूक. आत्ता उघडली तर वाचलेलं असंल तेबी भिजंल.

"मावशींचं बरोबर आहे, सर," मनिषा म्हणाली. आवाज कोरडा होता, त्यात माया नव्हती. "तासभर थांबावं लागेल."

तो तास बायनाबाईच्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. दुधाचे नमुने मनिषानं तोवर ताटल्यांत पसरून घेतले. सर खुर्चीवर बसून मोबाईल बघत होते आणि काहीच बघत नव्हते. बायनाबाईला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ती सिंकपाशी उभीच होती. बर्फीचा पुडा टेबलावर तसाच. मधेच मनिषानं वायर धरली, तिच्या मागं मागं खिडकीपर्यंत गेली, परत आली, लाल टेपसमोर उभी राहिली. मग तिनं भागवतला फोन लावला. जुन्या बोर्डात ठिणगी उडत होती, म्हणून प्लग मंगळवारी हलवला, तो सांगत होता. आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाई गेल्या होत्या, म्हणून मी सरांना सांगून गेलो की.

सरांनी मोबाईल उलटा करून ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांगितलं होतं त्यानं," ते म्हणाले. "माझ्या डोक्यातून गेलं." मग ते नोंदवहीकडं बघून म्हणाले, की मनिषा, तू आपलं वीजपुरवठा खंडित असं लिही, वर कुणी विचारणार नाही.

"वीज खंडित नव्हती, सर," मनिषा म्हणाली. ती लिहीत होती आणि लिहिताना मोठ्यानं वाचत होती, शाळेत वाचतात तसं. तारीख. बंद झाल्याची वेळ. चालू झाल्याची वेळ. मंगळवारी प्लग हलवला, भागवत. कळवलं, सरांना. पूजेसाठी बटण बंद. इथं ती थांबली. "मावशी, तुमचं नाव लिहू?"

"लिही. वर लाईटीचं खोटं बोलली तेबी लिही."

"ते नाही लिहीत," मनिषा म्हणाली. "त्याला इथं रकाना नाही."

तास झाला. पाकिटं पुसून कोरडी केली. प्रत्येक पाकिटात दमटपणा ओढून घेणारे मणी असत. कोरडे असले की निळे, ओल लागली की गुलाबी. मनिषानं एकेक पाकीट कापून मणी पांढऱ्या कागदावर ओतायला सुरुवात केली. पहिले निळे. दुसरे निळे. तिसरे गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारखे, आणि त्या बाटलीतली भुकटी आक्रसून काचेला चिकटलेली. सरांनी श्वास सोडला. चौथे निळे. बायनाबाईनं डोळे मिटून घेतले आणि पुढचे सगळे नुसते ऐकले. अकरांतल्या आठ निळ्या निघाल्या. दोन अधल्यामधल्या. एक गेली.

निळे म्हणजे भुकटी जिवंत, असं नव्हे, मनिषानं बजावलं. ओली झाली नाही, एवढंच. बाकीचं उद्या ताटली सांगेल. तिनं निळ्यांतली एक बाटली उघडली, ताजी कालवली, थेंब ठेवले. आणि मग, कुणी न सांगता, फेकायला काढलेल्या चार नळ्यांतली एक उचलून तिचेही थेंब शेजारी ठेवले.

"ते कशाला?" सरांनी विचारलं.

"कळलं पाहिजे," ती म्हणाली.

किल्ली सरांनी खिशात टाकली आणि ते गेले. बायनाबाईला कुणी उद्या या म्हणालं नाही, येऊ नका असंही म्हणालं नाही.

शनिवारी ती नेहमीच्या वेळेला आली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बंद दारासमोर पायरीवर बसली. आपल्या चपला तिनं काढल्या नाहीत. त्या दारापाशी ठेवाव्यात असं आज वाटेना. साडेनऊला मनिषा आली. किल्ली तिच्या हातात होती. सर काय म्हणाले, बायनाबाईनं विचारलं. काही नाही, मनिषा म्हणाली, नुसती दिली. दिवाळीच्या कागदाचं काय, ते त्यांनाच ठाऊक.

ताटली तिनं उजेडात धरली. बायनाबाईनं पट्टी धरली; तेवढं तरी तिचंच काम होतं. ताज्या भुकटीचा गोल स्वच्छ होता, कडा रेखीव. सतरा. मनिषानं पुन्हा मोजायला लावलं. सतराच. अठराच्या जागी सतरा. तो एक मिलिमीटर उकाड्यात गेला, की राणीसावरगावचे जिवाणूच चिवट, ते आज सांगता येणार नव्हतं. पण सतरा म्हणजे काम थांबत नव्हतं. मनिषा स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आईनं लेकराचं पुसावं तसं.

मग बायनाबाईनं पट्टी शेजारी सरकवली, नळीतल्या थेंबावर. तिथं गोल होता म्हणायचा तर होता. चष्म्याशिवाय दिसलाही नसता. पाच. त्याच्या कडेकडेनं जिवाणू दाट माजले होते, काँग्रेस गवतासारखे. कालच्या दुपारी ती गप्प राहिली असती तर आज ताटलीत हा एकच गोल असता.

मनिषानं वही पुढं ओढली आणि आकडे लिहिले. सतरा. पाच.

"मावशी," ती म्हणाली, वर न बघता. "अजून राग आहे मला."

"असू दे," बायनाबाई म्हणाली. "राहू दे चार दिवस."

तिनं खणातून लाल टेप काढली, टेबलामागं वाकली आणि खिडकीखालच्या बोर्डापाशी गेली. बटणाला तिनं हात लावला नाही. टेप प्लगला गुंडाळली, मग वायरला, मग वायरीच्या मागं मागं सरकत पार पेटीपर्यंत, दर वितीवर एक वेढा. कंबर भरून आली तरी ती थांबली नाही. उठली तेव्हा मनिषानं बर्फीचा पुडा उघडला होता आणि त्यातला एक तुकडा टेबलावर तिच्या बाजूला सरकवला होता, किल्लीशेजारी.

बायनाबाईनं आधी हात धुतले.